पाण्याच्या माहेरीं पावसाचा एक दिवस

प्रतिवर्षीं जूनच्या आरंभीं, शाळा उघडण्यापूर्वीं, आमचें सर्व कुटुंब चार दिवस भंडारदऱ्यास जातें. आमच्या वर्गबंधूंपैकीं कोणी महाबळेश्वरास जातो, कोणी आजोळीं कोंकणांत जाऊन आंब्याफणसांवर ताव मारतो. त्या मानानें आमचा प्रवास अगदींच जवळचा. श्रीरामपूर तालुक्यांतील आमच्या वस्तीवरून भल्या पहाटें निघालें कीं संगमनेर, अकोलें, राजूर असें करीत दुपारच्या आंत शेंडी गांव येतें, आणि तेथेंच प्रवरा नदीस अडवून धरणारी ती प्रचंड दगडी भिंत उभी आहे. हा नेम आमच्या आजोबांनीं सुरू केला. आमची शेती प्रवरेच्या कालव्यावर भिजते. ऊस काय, गहूं काय, आमच्या ताटांतील घास काय, सर्व कांहीं त्या भिंतीमागच्या पाण्याचें देणें. आजोबा म्हणत, "ज्या पाण्यावर आपण जगतों, त्याचें माहेर वर्षांतून एकदां तरी पाहून यावें." आजोबा आतां नाहींत, परंतु त्यांचा नेम वडिलांनीं मोडूं दिला नाहीं, आणि आम्हां तिघां भावंडांस तर तो कोणत्याहि सणाहून अधिक प्रिय आहे.

ज्यांनीं तें स्थळ पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. या धरणाचें काम १९१० सालीं सुरू होऊन १९२६ सालीं पुरें झालें. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचें नांव त्यास मिळालें, व मागच्या जलाशयास आर्थर तलाव म्हणूं लागले. भिंतीची उंची सुमारें २७० फूट असून तलावांत सुमारें अकरा अब्ज घनफूट पाणी मावतें. सोडलेलें पाणी रंधा येथें कड्यावरून उडी घेतें, वाटेंत आतां बांधलेल्या निळवंडें धरणांत विसावा घेतें, आणि ओझरच्या बंधाऱ्याशीं पोहोंचून डाव्या-उजव्या अशा दोन कालव्यांनीं आमच्याकडे वळतें. तळ्याच्या वरच्या टोंकास घाटघर आहे. तेथें सह्याद्रीचा कडा एकदम तुटून खालीं कोंकण दिसतें. समुद्रावरून येणारे ढग त्या कड्यास धडकून वर चढतात व तेथेंच रिकामे होतात. म्हणून घाटघरच्या बाजूस वर्षाला दोनशें इंचांच्या आसपास पाऊस पडतो, आणि आमच्या वस्तीपर्यंत येईतों ढगांच्या पदरीं जेमतेम वीसएक इंच उरतात. एकाच जिल्ह्यांत, एकाच नदीच्या कांठीं, एवढें अंतर! वडील म्हणतात कीं हें अंतर आहे म्हणूनच धरण आहे.

आम्ही उतरतों तें तळ्याच्या कांठच्या एका वाडींत, महादेव कोळी समाजाच्या एका घरीं. या घरचे थोरले बाबा तरुणपणीं कामासाठीं आमच्या वस्तीवर उतरत असत. आजोबांची व त्यांची मैत्री तेव्हांपासूनची. बाबांच्या सुनेस आम्ही मावशी म्हणतों. घर कौलारू, भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणामातीनें लिंपलेल्या. पडवींतून समोर सबंध तळें दिसतें, व पलीकडे रतनगडाचा डोंगर.

जूनच्या आरंभींच जाण्याचें आणखी एक कारण आहे, आणि खरें सांगावयाचें तर आमच्या धाकट्या बहिणीच्या लेखीं तेंच एकमेव कारण आहे. त्या सुमारास तेथें काजवे लागतात. हिरडा, सादडा, जांभूळ या झाडांवर हजारों काजवे बसतात आणि सगळे मिळून एका ठेक्यांत लुकलुकतात. एक झाड विझलें कीं शेजारचें पेटावें, असा तो देखावा. काजवा हा भुंगेऱ्यांच्या कुळांतला. त्याची अळी ओलाव्यांत राहून गोगलगाई खाते, आणि पंख फुटल्यावर त्याचें आयुष्य कांहीं आठवड्यांचें. त्याचा उजेड म्हणजे नराची मादीस हांक. जोराचा पाऊस सुरू झाला कीं हा सोहळा संपला. म्हणून पहिला पाऊस आणि शाळेची घंटा यांच्या आधींचे ते चार दिवस आम्ही वर्षभर बोटांवर मोजतों. अलीकडे हें पाहण्यास मोटारींची रीघ लागते. पुष्कळ मंडळी अंधार पाहण्यास येतात आणि गाडीचे दिवे चालू ठेवतात. त्यांस काजवे दिसले नाहींत तर दोष काजव्यांचा नव्हे.

२०२४ सालच्या जूनांत आम्ही गेलों तेव्हां वडील नेहमींप्रमाणें आधीं भिंतीकडे गेले. पाणी पुष्कळच खालीं गेलें होतें. तळ्याच्या कांठानें तांबड्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडला होता, आणि एरवीं बुडालेले खडक पाठ वर काढून बसले होते. वडील बोलले नाहींत. पण आमच्या उसास पुढचें आवर्तन मिळतें कीं नाहीं हा हिशेब ते मनांत करीत होते, हें आम्हांस त्यांच्या चालण्यावरून कळलें. मावशीची अडचण निराळी होती. एवढें तळें उशापायथ्याशीं असून उन्हाळ्यांत तिला पिण्याचें पाणी पाऊण तास चालून एका झऱ्यावरून आणावें लागत होतें. तळें आटत दूर जातें आणि उरलेलें पाणी गढूळ असतें. तिनें ही गोष्ट तक्रार म्हणून सांगितली नाहीं. आजीनें विचारलें, "बाई, तुझे पाय एवढे कां फुटले?" तेव्हां ती निघाली.

पहिल्या रात्रीं काजवे मनसोक्त पाहिले. दुसरा दिवस पावसाचा.

‘पावसाळ्यांतील एक दिवस’ हा विषय निबंधास आला कीं आम्ही सर्वच विद्यार्थी मोर नाचवितों, इंद्रधनुष्य ताणतों आणि शेतकऱ्यास आनंदानें गावयास लावितों. त्या दिवशीं आम्हीं मोर पाहिला नाहीं, इंद्रधनुष्य निघालें नाहीं, आणि घरचा शेतकरी गात तर नव्हताच. तो उंबऱ्यावर बसून हाताच्या पंजाकडे पाहत होता.

पाऊस पहाटेंच आला. वळवाचा पाऊस आम्हांस ठाऊक आहे. तो दुपारनंतर, गडगडाट करीत, झाडें मोडीत येतो आणि तासाभरांत निघून जातो. हा तसा नव्हता. आधीं घाटघरच्या बाजूनें गार वारा सुटला, मग धुकें आलें. रतनगड गेला, पलीकडचा कांठ गेला, अखेरीस पडवीसमोरची जांभूळहि गेली, आणि मग मेघगर्जनेवांचून, घाई न करतां, तो पडूं लागला तो पडतच राहिला. धाकटी बहीण पांघरुणांतून तोंड काढून म्हणाली, "आज काजवे?" कोणी उत्तर दिलें नाहीं, तेव्हां तिनें पुन्हां तोंड आंत घेतलें.

घरांत मात्र धांदल उडाली होती. अंगणांतल्या गोवऱ्या व सरपण अजून आंत यावयाचें होतें. मावशीनें डोक्यावरून प्लास्टिकचा कागद घोंगतीसारखा घेतला; पळसाच्या पानांचें जुनें इरलें आढ्याला टांगलें होतें, तें बाबांनीं आमच्या थोरल्या भावास दिलें. तें पाठीवर घेऊन तो चालूं लागला तेव्हां एखादें मोठें कासव सरपण वाहत आहे असें दिसे. आम्ही सर्वांनीं रांग केली. आईनें गोवऱ्या उचलाव्या, आम्हीं त्या पुढें द्याव्या, आजीनें चुलीमागें रचाव्या. अर्ध्या तासांत सरपण आंत आलें, आणि भिजून चिंब झालेल्या आम्हांस मावशीनें चुलीपुढें बसवून नागलीची भाकरी व कुरडूची भाजी वाढली.

जेवणें झाल्यावर थोरल्या भावानें बिस्किटांचा एक सरळ भिंतींचा डबा अंगणांत मोकळ्या जागीं ठेवला. डब्यांत जितकें इंच पाणी सांचेल तितके इंच पाऊस, असें आम्हांस शाळेंत शिकविलेलें आहे. आजीनें पट मांडला, चिंचोके फोडून त्यांचे फांसे केले, आणि वडिलांवर दोन डाव चढविले. इतक्यांत आंतल्या खोलींतून मावशीची हांक आली. ती हांक निराळी होती.

त्या खोलींत कोपऱ्यास कणगी होती. बांबूची, शेणानें सारवलेली, वर फडकें व त्यावर पाटा ठेवलेला. तिच्यांत वर्षाचें बियाणें होतें, चार पायली काळभात. नेमक्या त्याच ठिकाणीं दोन कौलें सरकलीं होतीं. पाणी भिंतीवरून ओघळत कणगीच्या अंगांत मुरलें होतें, आणि खालच्या अंगास हात लावतांच शेणाचा लेप बोटास लागत होता.

एवढ्याशा भाताचें एवढें काय, असें आमच्या वाचकांपैकीं कोणास वाटेल. दुकानांत सुधारलेलें बियाणें मिळतें, हें बाबांसहि ठाऊक आहे, आणि त्यांचा मुलगा वरच्या दोन वाफ्यांत तेंच टाकतो. पण काळभात दुकानांत मिळत नाहीं. त्याचें टरफल काळसर, भाताला वास गोड, आणि तो या डोंगरउताराच्या जमिनींत, या पावसांत पिढ्यान् पिढ्या टिकलेला. ज्याच्या घरीं बी राहिलें त्याच्याच घरीं तें राहिलें. याच अकोलें तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे यांनीं असलीं गांवठी बियाणीं जपून ठेवलीं, आणि २०२० सालीं त्यांस पद्मश्री जाहीर झाली. तेव्हांपासून वाडींतल्या तरुण मंडळींस आपल्या कणग्यांची किंमत कळूं लागली आहे. बाबांस ती आधींपासून कळत होती. तें बी त्यांच्या आईनें त्यांच्या हातीं दिलेलें.

कणगी रिकामी केली. आम्ही ओंजळींनीं भात उपसून सुपांत घालीत होतों, मावशी चिमटींत दाणे घेऊन दाबून पाही, आणि भिजलेले एकीकडे, कोरडे दुसरीकडे करी. निम्मे दाणे भिजले होते. निम्मे कोरडे निघाले; ते आजीनें आपल्या नव्या लुगड्यांत बांधले. आईनें दुसरें फडकें पुढें केलें, पण आजीनें तें घेतलें नाहीं.

आतां खरा प्रश्न पुढें आला. भिजलेलें भात ठेवून चालत नाहीं. दोन दिवसांत तें मोड काढील किंवा कुजेल. तें पेरलेंच पाहिजे. परंतु पेरावें तर पाऊस खरा आहे काय? भाताची रीत अशी कीं उन्हाळ्यांत एका वाफ्यावर पालापाचोळा, शेण, फांद्या रचून जाळावयाच्या. त्यास राब भाजणें म्हणतात. त्या राखेच्या वाफ्यांत बी टाकावयाचें, तीनएक आठवड्यांनीं रोप वीतभर झालें कीं उपटून चिखलांत लावावयाचें, म्हणजे आवणी. पेरल्यावर पाऊस दडी मारून बसला तर कोवळें रोप जळून जातें. आणि पेरण्यास फार थांबावें तर असा पाऊस राब धुऊन नेतो. मग राखेवांचून आलेलें रोप पिवळें पडतें. मृग नुकताच लागला होता. मोसमी वारे महाराष्ट्रांत पोहोंचले असें वेधशाळेनें दोनच दिवसांपूर्वीं जाहीर केल्याचें वडिलांनीं सांगितलें. बाबांनीं तें लक्षपूर्वक ऐकलें, बाहेर गेले, आणि बराच वेळ पावसांत उभे राहिले.

परत आल्यावर म्हणाले, "वारा मावळतीचा हाय. गरजत न्हाई. पर ह्या पावसाला अजून बूड न्हाई."

"म्हणजे काय बाबा?"

"म्हंजी आला हाय. ऱ्हातो का, ते त्यालाच ठावं."

मुलाचें म्हणणें, सगळेंच पेरूं; कोरडें ठेवून तरी तें ओल्या हवेंत कुठें टिकणार आहे? मावशी प्रथम कांहींच बोलली नाहीं. मग चुलीकडे तोंड करून ती म्हणाली, "भिजलेलं पेरा. कोरडं मी चुलीवरच्या माळ्यावर ठेवते. ते मागाल तरी द्यायची न्हाई." बाबांनीं मान हलविली. आमच्या मतें त्या दिवशीं त्या घरांत इतकें शहाणपणाचें दुसरें वाक्य कोणी बोललें नाहीं, आणि आमचे वडीलहि पुढें प्रवासांत असेंच म्हणाले.

तिसऱ्या प्रहरीं पाऊस विरळ झाला तेव्हां सर्व जण राबाकडे निघालों. राब दोन ठिकाणीं होता, एक वरच्या उतारावर व दुसरा खालीं, झऱ्याच्या वाटेवर. राखेची जमीन काळीशार दिसत होती आणि तिला जळक्या पानांचा ओला वास येत होता. बाबांनीं पायांतल्या वहाणा काढल्या. त्यांचें पाहून आम्हींहि काढल्या. ते मुठीनें बी टाकीत पुढें जात होते. हात असा फिरे कीं एक दाणा दुसऱ्यावर पडत नसे. मागून मुलगा काटेरी फांदी ओढून बी मातीआड करी. आमच्याकडे काम एवढेंच होतें कीं वरून येणारें पाणी वाफ्यांत शिरूं नये म्हणून कडेनें लहानशी चारी काढावयाची. थोरल्या भावाच्या तळहातास फोड आले. धाकटी बहीण आपल्या मुठींतले चार दाणे बराच वेळ धरून उभी होती. बाबांनीं तिला बोलावून वाफ्याचा कोपरा दाखविला, व ते चार तिच्या हातानें पडले.

संध्याकाळीं डब्यांत पट्टी बुडवून पाहिली. पावणेतीन इंच! एक इंच पाऊस एका एकरावर पडला तर तें पाणी सुमारें एक लाख लिटर होतें, हा हिशेब थोरल्या भावानें कोळशानें भिंतीवर मांडला. मग वडिलांस घेऊन आम्ही मोठ्या आशेनें तळें पाहण्यास गेलों. तळें जसेंच्या तसें! खडक तितकेच वर, तांबडा पट्टा तितकाच रुंद. फक्त त्याचा रंग गडद झाला होता. उन्हाळाभर तापलेली जमीन आधीं आपली तहान भागविते, आणि ती भागल्यावर पुढचें पाणी ओढ्यांस मिळतें. बाबा म्हणाले, "पहिला पाऊस भुईचा, मंग झाडाचा, मंग तुमचा." आमच्या उसाचा नंबर इतका खालीं आहे हें ऐकून वडील त्या दिवसांत प्रथमच मोकळेपणानें हंसले.

रात्रीं वाडींतलीं मुलें विजेऱ्या घेऊन ओढ्यास खेकडे धरण्यास गेलीं; पहिल्या पावसांत खेकडे बिळाबाहेर येतात. आम्ही मात्र जांभळीखालीं जाऊन बसलों. पाऊस घटकाभर थांबला होता. काल जेथें झाडच्या झाड पेटत होतें तेथें आज काळोख. पुष्कळ वेळानें एक काजवा चमकला, मग खालच्या गवतांत दुसरा. धाकटीनें मोजण्यास आरंभ केला. सतरा झाले. अठराव्याची वाट पाहत ती तेथेंच आईच्या मांडीवर झोंपली.

दुसरे दिवशींहि पाऊस होता, पण त्यांत जोर नव्हता. आम्ही ठरल्या दिवशीं निघालों. शाळा उघडली. महिन्याच्या मध्यावर वारे मंदावले, आकाश निवळलें, आणि आम्ही भूगोलाच्या तासाला खिडकींतून निळें आभाळ पाहूं लागलों कीं आमच्या पोटांत कालवे. वर्गांतील इतर मुलें क्रिकेट खेळावयास मिळतें म्हणून आनंदांत होतीं. त्यांचाहि कांहीं दोष नव्हता. घरीं वडील दिवसाआड बाबांच्या मुलास फोन करीत. वरच्या उतारावरचें रोप बोटभर होऊन जळालें. खालचें मावशीनें झऱ्याचें पाणी हंड्यांनीं घालून धरून ठेवलें. पिण्याच्या दोन खेपा आणि रोपाच्या चार, असें ती बारा दिवस करीत होती. मग पाऊस फिरला. त्या दिवशीं तिनें माळ्यावरचें लुगडें सोडलें व कोरडें बी बाबांच्या हातीं दिलें. खालच्या रोपाची आवणी आधीं झाली, दुसऱ्याची उशिरानें. पावसाळा सरतां सरतां तळें भरलें, आणि आमच्या पाटालाहि पाणी आलें. पण तोंवर आमच्या घरीं चौकशी आवर्तनाची कमी आणि काळभाताची अधिक होत असे.

दिवाळीनंतर बाबांचा मुलगा आमच्याकडे आला तो धुतलेलें, घडी केलेलें आजीचें लुगडें व त्यांत बांधलेलें पायलीभर काळभात घेऊन. आजीनें तें सडून घेतलें. आंबेमोहोरासारखा नव्हे, पण त्याचा स्वतःचा असा वास घरभर सुटला. सडण्यापूर्वीं मात्र तिनें मूठभर दाणे टरफलासकट बाजूस काढले व पुरचुंडी बांधून देवळीत ठेवले. आमच्या काळ्या, कोरड्या जमिनींत तो भात यावयाचा नाहीं हें तिलाहि ठाऊक आहे. धाकटीनें विचारलें तेव्हां ती म्हणाली, "असूं दे. त्यांच्याकडचीं कौलें पुन्हां सरकलीं, तर कोणाकडे तरी असावें."